थॉमस अक्वायनस आणि देवाचे सर्वसमर्थपण

थॉमस अक्वायनस याचा जन्म इ. स. १२२५ च्या सुमारास इटली देशात रोक्कासेक्का येथे सरदार घराण्यात झाला. तरुणपणी तो डॉमिनिकन भिक्षुसंघात शिरला, तेव्हा भावांनी त्यास वाटेत धरून सुमारे वर्षभर कोंडून ठेविले. परंतु त्याचा निश्चय ढळला नाही. पुढे आल्बर्ट नामक विद्वान गुरूपाशी तो शिकला. तो मितभाषी असल्यामुळे सहाध्यायी त्यास मुका बैल म्हणत, असे चरित्रकार सांगतात.

देव सर्वसमर्थ आहे म्हणजे काय, याचा त्याने आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात विचार केला आहे. मनुष्य हा मनुष्य असूनच गाढव असावा, हे बोलणे स्वतःलाच खोडते. अशी गोष्ट घडण्याजोगीच नाही, म्हणून देवाच्या सामर्थ्यास तिने उणेपणा येत नाही. देवास न उचलवणारा धोंडा देव घडवील काय, असे विचारून भाविकांस कोड्यात पाडणाऱ्यांसही हेच उत्तर पुरे. सर्वसमर्थास न उचलवणारा धोंडा, हे नुसते शब्द आहेत. अशी वस्तूच नाही.

तसेच पाप करणे म्हणजे उणे पडणे. यास्तव देव सर्वसमर्थ आहे म्हणूनच त्याच्या हातून पाप घडत नाही, असे थॉमस शिकवी.

१२७३ च्या डिसेंबरात त्याने लेखणी खाली ठेविली व ७ मार्च १२७४ रोजी फोस्सानोव्हा येथील मठात तो मरण पावला.

वाचकहो, ज्यास लबाडी करवत नाही तो देव दुर्बळ नव्हे. त्याचे वचन मोडत नाही, म्हणूनच संकटात आपण त्यावर भार टाकू शकतो.