झटका न देणारी वीज

ओला हात उघड्या वायरला लागला, तर झटका बसतो. दैव खराब असेल तर जीवही जातो. शस्त्रक्रियागृहात मात्र सर्जन रोज विजेच्याच टोकाने रक्तवाहिन्यांची तोंडं बंद करतात. कॉटरी नावाच्या त्या उपकरणातला प्रवाह रुग्णाच्या अंगात शिरतो, मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून बाहेर पडतो आणि हृदय आपल्या लयीत चालत राहतं. दोन्हीकडे वीजच आहे. फरक आहे तो वारंवारतेचा. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, कॉटरीतली काही लाख. हा फरक शरीराच्या दृष्टीने किती मोठा आहे, हे प्रयोगाने दाखवून देणाऱ्यांत एका फ्रेंच डॉक्टरचं नाव पहिल्या रांगेत येतं. ते म्हणजे आर्सेन द'आर्सोनवाल.

त्यांचा जन्म ८ जून १८५१ चा. फ्रान्सच्या लिमुझँ भागातलं ला पोर्शेरी हे त्यांचं गाव. वडील डॉक्टर होते, त्यामुळे मुलगाही वैद्यकाकडे वळला. लिमोझ आणि मग पॅरिस इथे त्यांचं शिक्षण झालं. पण या विद्यार्थ्याचा जीव रुग्णांच्या खाटांपेक्षा यंत्रांत जास्त रमायचा. त्या काळात पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्यानं चालत. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा पाया घालणारे म्हणून बर्नार ओळखले जातात. १८७३ साली अशाच एका व्याख्यानात त्यांचं गॅल्व्हॅनोमीटर ऐनवेळी बिघडलं. श्रोत्यांत बसलेल्या एका तरुणाने ते दुरुस्त करून दिलं, आणि तो तरुण म्हणजे द'आर्सोनवाल, असं सांगितलं जातं. त्यानंतर ते बर्नार यांचे प्रयोगशाळेतले मदतनीस झाले आणि १८७८ मध्ये बर्नार यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. प्राण्याच्या शरीरातली उष्णता कशी मोजायची, स्नायूतला सूक्ष्म प्रवाह कसा टिपायचा, अशा प्रश्नांत ते बुडून गेले. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त त्यांनी तिथेच उचलली.

१८८२ मध्ये मार्सेल देप्रे या अभियंत्याबरोबर त्यांनी नव्या रचनेचं गॅल्व्हॅनोमीटर तयार केलं. कायमस्वरूपी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचं हलकं वेटोळं टांगायचं आणि प्रवाह आला की ते वळायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत काट्याचा मीटर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी याच कल्पनेचं पुढचं रूप पाहिलेलं आहे. 

त्याच दशकात युरोप आणि अमेरिकेच्या शहरांत विजेचे दिवे येत होते. दिव्यांबरोबर अपघातही आले. तारेला चिकटून माणसं मरत होती आणि नेमकं कशाने मरतात, हे कुणाला धड सांगता येत नव्हतं. १८८७ मध्ये द'आर्सोनवाल यांनी हा विषय फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला. वीज दोन प्रकारे मारते, असं त्यांचं म्हणणं होतं. एक तर ती ऊतींची थेट नासधूस करते. अशा वेळी इलाज नाही. दुसऱ्या प्रकारात ती मज्जासंस्थेच्या केंद्रांना असा धक्का देते की श्वास थांबतो. हा दुसरा माणूस मेल्यासारखा दिसतो, पण मेलेला नसतो. म्हणून विजेचा झटका बसलेल्याला पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसासारखं वागवा, लगेच कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करा, हा त्यांचा आग्रह होता. १८९४ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-दनी इथे काही हजार व्होल्टचा झटका बसून निपचित पडलेला एक कामगार याच उपायाने शुद्धीवर आला. तेव्हा त्यांच्या म्हणण्याला मोठा आधार मिळाला.

त्यांचं उत्तर पूर्ण नव्हतं. १८९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली या दोघा संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की घरगुती स्वरूपाचा प्रवाह बहुधा हृदयाची लय विस्कटून जीव घेतो. हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. पण निपचित पडलेल्या माणसाला मेलेला समजून सोडून देऊ नका, हा द'आर्सोनवाल यांचा सल्ला त्यामुळे खोटा ठरला नाही. फक्त श्वासाच्या जोडीला छातीवर दाब देणंही लागतं, हे पुढे कळलं.

जीव घेणाऱ्या विजेचा अभ्यास करता करता ते उलट प्रश्नाकडे वळले. प्रवाहाची आवर्तनं वाढवत नेली तर काय होईल? सगळ्यांचा अंदाज होता, की झटका वाढत जाईल. सुरुवातीला तसंच झालं. सेकंदाला काही हजार आवर्तनांपर्यंत स्नायूंची प्रतिक्रिया वाढत गेली. त्यापुढे मात्र ती कमी होऊ लागली. आणखी वर गेल्यावर स्नायू हलायचेच बंद झाले. हाइन्रिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या त्याला तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. त्याच धर्तीच्या साधनांनी द'आर्सोनवाल यांनी आवर्तनं लाखांच्या घरात नेली. १८९१ च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले. निकोला टेस्ला यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच अनुभव आला होता.

या प्रयोगांची प्रात्यक्षिकं पाहणारे थक्क होत. माणसाच्या शरीरातून गेलेल्या प्रवाहावर दिवा पेटायचा, आणि त्या माणसाला थोड्या उबेपलीकडे काही जाणवायचं नाही. तेवढाच प्रवाह कमी वारंवारतेचा असता, तर त्याने जीव घेतला असता. याचं कारण आज नीट माहीत आहे. मज्जापेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलायला थोडा वेळ लागतो. प्रवाह एका दिशेने ढकलतो न ढकलतो तोच दिशा उलटली, तर पेशी उद्दीपित व्हायच्या आतच परिणाम पुसला जातो. ऊर्जा मात्र कुठे नाहीशी होत नाही. ती उष्णतेच्या रूपात ऊतींत उतरते.

१८९३ मध्ये ते आणखी पुढे गेले. माणूस आत मावेल एवढं तारेचं मोठं वेटोळं त्यांनी उभं केलं. आतल्या माणसाला तारेचा स्पर्शही होत नसे. तरी वेटोळ्यातल्या वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्या शरीरात प्रवाह निर्माण होत असे. विद्युतचुंबकीय क्षेत्र स्पर्शाशिवाय शरीरावर काम करतं, याचा हा स्पष्ट पुरावा होता. १८९६ मध्ये त्यांनी कमी वारंवारतेच्या, पण जोरदार चुंबकीय क्षेत्रात डोकं ठेवल्यास काय होतं, ते तपासलं. डोळ्यांपुढे लुकलुकता प्रकाश दिसतो आणि काहींना गरगरतं, असं त्यांनी नोंदवलं. बाहेर प्रकाश नसतोच. क्षेत्रामुळे निर्माण झालेले सूक्ष्म प्रवाह दृष्टिपटलाला डिवचतात, म्हणून तो दिसतो.

दरम्यान १८९४ मध्ये ब्राउन-सेकार यांच्या निधनानंतर कॉलेज द फ्रान्सचं प्राध्यापकपद त्यांच्याकडे आलं होतं. त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. मान होता, नाव होतं आणि हातात एक अद्‌भुत यंत्र होतं. घसरायला एवढं पुरेसं असतं.

वेटोळ्यात बसलेल्यांच्या रक्तदाबात आणि चयापचयात बदल दिसतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यावरून मधुमेह, संधिवात, लठ्ठपणा, वाढलेला रक्तदाब अशा नाना विकारांवर हा उपचार सुरू झाला. त्याला त्यांचंच नाव मिळालं, द'आर्सोनव्हलायझेशन. पॅरिसच्या रुग्णालयांतून तो युरोपभर आणि अमेरिकेत पसरला. काचेच्या नळ्यांतून जांभळ्या ठिणग्या उडवणारी घरगुती यंत्रंही पुढे बाजारात आली. काही रुग्णांना बरं वाटलंही. पण कुणाला उपचार दिला आणि कुणाला फक्त यंत्राचा आवाज ऐकवला, अशी तुलना करण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. आजार आपोआप कमी झाला की उपचाराने, हे ठरवायचं कसं? रक्तदाब आणि मधुमेहावरचे ते दावे काळाच्या कसोटीवर टिकले नाहीत. मोजल्याशिवाय न बोलणाऱ्या माणसाने प्रवाह अचूक मोजला, पण रुग्णाला आलेला गुण तेवढ्या काटेकोरपणे मोजला नाही.

गंमत अशी, की खरा उपयोग होता तो त्या साध्या उबेतच. जर्मन डॉक्टर फ्रान्झ नागेलश्मिट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या उष्णतेलाच उपचार मानलं आणि त्याला डायथर्मी हे नाव दिलं. भौतिकोपचार विभागात गुडघ्याला किंवा खांद्याला यंत्राचा शेक देतात, तो याच घराण्यातला. १९२६ मध्ये बोस्टनला विल्यम बोव्ही यांचं उपकरण वापरून हार्वे कुशिंग यांनी मेंदूतल्या गाठी काढल्या. एरवी रक्तस्रावाच्या भीतीने ज्या गाठींना हात लावता येत नव्हता, त्यांच्यापर्यंत पोचता येऊ लागलं. आजच्या कॉटरीचा वंश तिथपर्यंत आणि तिथून द'आर्सोनवाल यांच्या टेबलापर्यंत जातो.

त्यांना दीर्घायुष्य लाभलं. समुद्राच्या वरच्या गरम आणि खोल थंड पाण्यातल्या फरकावर वीज तयार करता येईल, ही कल्पना त्यांनी १८८१ मध्येच मांडली होती. त्यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर ती करून दाखवली, तेव्हा गुरू हयात होते. ३१ डिसेंबर १९४० रोजी, फ्रान्स युद्धात हरलेला असताना, जन्मगावी ला पोर्शेरीला त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.

मोबाइल टॉवरपासून उच्चदाबाच्या तारांपर्यंत आज जी चर्चा चालते, तिचा पाया अजूनही त्यांनी दाखवलेल्या फरकावरच आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मर्यादा कमी वारंवारतेसाठी मज्जातंतू उद्दीपित होऊ नयेत हे पाहतात. डोळ्यांपुढच्या त्या लुकलुकीचाही त्यात विचार केलेला असतो. मोबाइलच्या लहरी फार वरच्या वारंवारतेच्या असतात. तिथे ऊती किती तापतात, हे पाहिलं जातं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या अगदी सौम्य संपर्काचं काय, हा प्रश्न मात्र द'आर्सोनवाल यांच्या प्रयोगांच्या कक्षेबाहेरचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रं २००२ मध्ये आणि मोबाइलसारख्या रेडिओलहरी २०११ मध्ये कदाचित कर्करोगकारक या गटात ठेवल्या. याचा अर्थ संशयाला जागा आहे, पण पुरावा मर्यादित आहे. घाबरून जायला तो पुरेसा नाही आणि विषय बंद करायलाही नाही. चुंबकीय पट्टे आणि लहरींची यंत्रं सर्व रोगांवर गुणकारी म्हणून विकणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा, जो द'आर्सोनवाल यांच्या यंत्राला वेळेवर विचारला गेला नाही: तुलना कुणाशी केली?

त्यांच्या कामातला एक भाग मात्र कुठल्याही यंत्राशिवाय उपयोगी पडतो. पावसाळ्यात शेतातल्या मोटरपाशी किंवा घरात ओल्या भिंतीपाशी कुणाला झटका बसला, तर आधी मेन स्विच बंद करा. ते झाल्याशिवाय त्या माणसाला हात लावू नका. कुणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा. तो हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी जोरात आणि भरभर दाब द्यायला लागा. येत असेल तर तोंडाने श्वासही द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. तो गेला, असं परस्पर ठरवू नका.