शोध पाचारणाचा : रेव्हरंड नारायण वामन टिळक

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : पुढे काय? वडीलधारी माणसे पगाराचा विचार करतात, मुले आवडीचा करतात आणि रविवारी उपासनेत पाळकसाहेब पाचारणाविषयी बोलतात. पाचारण म्हणजे एखाद्या रात्री स्पष्ट ऐकू आलेली वाणी, आणि ती ऐकू आली नाही तर देवाने आपल्याला बोलावलेलेच नाही, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. जेथे जेथे मराठी उपासना होते तेथे तेथे ज्यांची भजने गायिली जातात, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र आपण या दृष्टीने एकदा पाहावे. त्यांना वाट सापडली. परंतु ती एका रात्रीत सापडली नाही आणि स्वस्तातही सापडली नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई प्रेमळ आणि भाविक होती. काव्याची व भक्तीची गोडी त्यांना तिच्याकडूनच लागली. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आईचे छत्र लहानपणीच हरपल्यावर घरात मन रमेना, आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही ते गेले, पण संसाराचा भार अंगावर पडल्याने शिक्षण अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

पुढील वर्षे भटकंतीची होती. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी लेखन. आज या गावी, तर उद्या त्या गावी. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही चालविले. काव्य, वक्तृत्व आणि विद्वत्ता यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. स्थैर्य मात्र नव्हते. घरात काही न सांगता ते निघून जात, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकीत, आणि त्याची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही. वाट शोधणाऱ्याची अस्वस्थता त्याच्या एकट्याची नसते. घरची माणसेही त्या वाटेवर अनवाणी चालत असतात.

या अस्वस्थतेच्या तळाशी एक प्रश्न होता. आपला देश कशाने उभा राहील? जातिभेदाने जखडलेल्या समाजाला बंधुभाव कोणता धर्म देईल? या प्रश्नाचा विचार करीत असतानाच १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. गप्पा काव्यावरून धर्माकडे वळल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता. सवयीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करीत त्यांनी वाचायला आरंभ केला. डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थांबले. तेथून त्यांना पुढे जाववेना. ज्या प्रश्नांनी इतकी वर्षे छळले होते, त्यांची उत्तरे त्यांना त्या पानांत दिसली.

वाचक, येथे क्षणभर थांबा. देवाने त्यांच्याशी बोलण्यासाठी गर्जना केली नाही. त्याने एक सहप्रवासी, एक लहानसे पुस्तक आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय एवढ्याच गोष्टींचा उपयोग केला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्या देशबांधवाच्याच हातून घ्यावयाचा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथूजी यांनी तो दिला. पण त्या दिवसाची किंमत मोठी होती. ज्ञातीने त्यांना तोडले. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या आणि पतिपत्नींची ताटातूट जवळजवळ पाच वर्षे टिकली. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्या परत आल्या त्या आपला धर्म सांभाळूनच, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या अंतःकरणाची खात्री पटल्यावर. पुढे याच लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी साहित्यात अढळ स्थान मिळविले. पतीच्या पाचारणामागून फरफटत आलेल्या या बाईला अखेर स्वतःचेच पाचारण गवसले.

अहमदनगरला टिळकांनी ईश्वरविज्ञान शाळेत शिकविले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. आणि येथेच भटकंतीच्या वर्षांचा उलगडा होतो. आपल्या मंडळ्या तोवर बहुतांशी परकी गीते भाषांतर करून परक्या चालींवर गात होत्या. टिळकांनी अभंग आणि भजने रचली, कीर्तनातून ख्रिस्ताची कथा सांगितली. आईकडून मिळालेली भक्तिगीतांची ओढ, लेलेशास्त्र्यांकडचे संस्कृत, पोटासाठी केलेली कीर्तने यांतील काहीच वाया गेले नाही. देवाने त्यांचा जुना ठेवा फेकून दिला नाही. तो स्वच्छ करून कामाला लावला. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले, आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, त्यांच्या घरी मुलासारखे राहिले.

आता विश्रांती घ्यावी असे वय झाले होते. नाव होते, मिशनचा पगार होता, संसार मार्गी लागला होता. तरीही १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी तो पगार सोडला. ख्रिस्त हा परक्यांचा देव आहे, हा आपल्या बांधवांचा समज पगारी धर्मोपदेशकाकडून दूर होणार नाही, असे त्यांना वाटू लागले होते. ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

या कार्याला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. दरबार मूळ धरण्याआधीच त्याचा संस्थापक गेला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पुढे नेले. हिशेबी नजरेला हा शेवट अपयशाचा वाटेल. पण ज्या माणसाने आपल्या मंडळीला तिच्या मायबोलीत गायला शिकविले, त्याच्या जीवनाचे मोल दोन वर्षांच्या जमाखर्चावर कसे ठरावे?

प्रिय वाचक, तुम्ही अठरा वर्षांचे असाल आणि वाट दिसत नसेल, तर घाबरू नका. हाती असलेले काम मनापासून करा आणि दिलेला शब्द पाळा. आजचे किरकोळ वाटणारे कौशल्य उद्या कोणत्या कामी येईल हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल, तर आता आपल्याला कोण बोलावणार, असे म्हणू नका. अब्राहाम निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. आणि तुमच्या घरातील कोणी अशी वाट धरली असेल, तर त्याने तुमचाही विचार करावा असा हक्क तुम्हाला आहे. तो हक्क प्रेमाने सांगा.

पुढच्या रविवारी टिळकांचे एखादे भजन गाताना हे एवढेच आठवा : हे शब्द लिहिणाऱ्यालाही एके काळी आपली वाट ठाऊक नव्हती.