थरथरीचा वैरी : फ्रेडरिक लँचेस्टर

मोटारीच्या इंजिनात एक दातेरी रबरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. ठराविक अंतर चालून झाल्यावर तो बदलावा लागतो, आणि ज्यांच्या हाताला पान्या-पकडीची सवय आहे असे पुष्कळ गृहस्थ सुटीच्या दिवशी हे काम घरच्या अंगणातच उरकतात. चाकांवरील खुणा जुळवून नवा पट्टा चढवावा, झाकणे लावावीत, किल्ली फिरवावी, की इंजिन सुरू होते. परंतु काही इंजिनांच्या बाबतीत कधीकधी असे घडते की इंजिन चालते खरे, पण पूर्वी कधी नव्हते इतके थरथरू लागते. आसन हलते, स्टिअरिंग हातात गुणगुणते, आरशातले चित्र धूसर होते. बिचारा गृहस्थ सारे बोल्ट पुन्हा आवळून पाहतो. बोल्टांचा दोष नसतोच. अशा इंजिनाच्या पोटात दोन शाफ्ट असे असतात की जे मोटारीच्या चाकांना काडीचीही शक्ती देत नाहीत. थरथर गिळून टाकणे एवढेच त्यांचे काम. त्यांना बॅलन्स शाफ्ट म्हणतात. आपण तोलदंड म्हणू. त्यांतील एक उलटा बसला, की हा सारा अनर्थ ओढवतो.

हे तोलदंड ज्याच्या बुद्धीतून निघाले, त्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टरची ही कथा आहे.

लँचेस्टरचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुईशॅम भागात झाला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर वास्तुशिल्पी होते. आई ऑक्टेव्हिया लॅटिन व गणित शिकवीत असे. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथा. त्याच्या वडील भावाचे, हेन्री व्हॉन लँचेस्टरचे, काम आपल्या देशातील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले असेल, कारण जोधपूरचा उमेदभवन राजवाडा त्याच्याच आराखड्यावरून बांधला गेला. फ्रेडरिकला मात्र दगडाविटांपेक्षा लोखंडाची ओढ. साउदॅम्प्टन येथे व पुढे लंडनमधील दक्षिण केन्सिंग्टनच्या विज्ञान विद्यालयात तो शिकला, पण पदवी किंवा प्रमाणपत्र काहीच न घेता बाहेर पडला. परीक्षा म्हणजेच विद्या असे मानणाऱ्यांना हे रुचणार नाही, तरी घडले ते असे.

त्यानंतर बर्मिंगहॅम येथील एका गॅस-इंजिनांच्या कारखान्यात त्याला आठवड्याला १ पौंड पगारावर साहाय्यक व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. करारपत्रात एक कलम होते. नोकरीच्या काळात तो जी काही यांत्रिक सुधारणा शोधून काढील, तिच्यावर मालकी कारखान्याची राहील. तरुण लँचेस्टरने शांतपणे त्या कलमावर रेघ मारली आणि मगच सही केली. लवकरच त्याने इंजिनाचा वेग नियंत्रित करणारे एक साधन शोधले, त्याचे पेटंट स्वतःच्या नावावर घेतले, आणि त्याच कारखान्याकडून प्रत्येक साधनामागे ठराविक रक्कम मिळविली. व्यवहारातली ही हुशारी त्याने पुढेही दाखविली असती, तर त्याचे अखेरचे दिवस कदाचित निराळे गेले असते.

१८९४ मध्ये त्याने आपले इंजिन एका नावेत बसवून ऑक्सफर्ड येथे पाण्यात सोडले. पुढच्याच वर्षी मोटारीचे काम सुरू झाले आणि १८९६ मध्ये त्याची पहिली मोटार रस्त्यावर आली. त्या वेळी इंग्लंडात यांत्रिक वाहनाला ताशी ४ मैलांहून अधिक वेगाची मुभा नव्हती. ते बंधन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सैल झाले. त्या काळचे इतर कारागीर घोडागाडीखाली इंजिन टांगून मोटार झाली असे समजत. इंजिन धडधडणारच, प्रवाशाने ते सोसावे, अशी सर्वांची समजूत. लँचेस्टरला ही समजूत मान्य नव्हती. यंत्र थरथरते याचा अर्थ कोठेतरी एक बल मोकाट सुटले आहे आणि त्याला अडविणारे दुसरे बल आपण दिलेले नाही, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याच्या पहिल्या इंजिनात पिस्टन एकच, पण क्रँकशाफ्ट दोन होते, आणि ते परस्परांच्या उलट दिशेने फिरत. एकाने डावीकडे ओढावे, त्याच क्षणी दुसऱ्याने उजवीकडे. हीच कल्पना त्याने पुढच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनातही वापरली.

१८९९ च्या अखेरीस लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली. जॉर्ज आणि फ्रँक हे दोन भाऊ त्याच्या साथीला होते. एका मोटारीचा सुटा भाग दुसरीला तंतोतंत बसला पाहिजे, ह्यावर त्याचा कटाक्ष असे. त्या दिवसांत ही गोष्ट दुर्मीळच होती. १९०२ मध्ये त्याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. हा ब्रेक जगाने सर्रास वापरायला पुढे अर्धे शतक लागले. रुडयार्ड किपलिंग हा लेखक लँचेस्टर मोटार बाळगून होता. पुढे क्रिकेटपटू म्हणून गाजलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांच्या पदरीही लँचेस्टर मोटारी होत्या. मागणी होती, कीर्ती होती. नव्हते ते भांडवल. १९०४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली व नव्या नावाने पुन्हा उभी करावी लागली. लँचेस्टरची सत्ता मात्र हळूहळू कमी होत गेली. १९०९ पासून तो डेमलर कंपनीचा सल्लागार झाला.

तोलदंडांची कल्पना ह्याच सुमाराची. ती नीट समजून घेण्याजोगी आहे. चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वरवर पाहता तोल साधला. परंतु पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा फिरताना तिरपा होतो, आणि त्यामुळे क्रँक वरच्या अर्ध्या वर्तुळातून जात असता पिस्टन जितके अंतर तोडतो, तितके खालच्या अर्ध्या वर्तुळात तोडीत नाही. चढ आणि उतार ह्यांचा हिशेब पुरता जुळत नाही. उरलेली बाकी चारही सिलिंडरांची एकत्र होते आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा इंजिनाला वर-खाली हिसका देते. वेग दुप्पट झाला की हा हिसका चौपट होतो.

लँचेस्टरने ह्यावर काढलेला उपाय असा. एका फळीवर दोन मुले शेजारी शेजारी उभी आहेत आणि दोघांच्या हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या आहेत, असे समजा. दोघांनी एकाच वेळी बादल्या गोल फिरवायला सुरुवात केली, पण एकाने घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि दुसऱ्याने उलट. बादल्या वर असताना दोन्ही वर ओढतात, खाली असताना दोन्ही खाली ओढतात. बाजूला असताना मात्र त्यांची ओढ परस्परांविरुद्ध असल्याने फळीला काहीच जाणवत नाही. लँचेस्टरने बादल्यांच्या जागी एका बाजूस जड असलेले दोन शाफ्ट घेतले आणि ते क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरविले. इंजिनाचा हिसका वरच्या दिशेने येतो, त्याच क्षणी दोन्ही वजने खाली असतात. हिसका खाली, तर वजने वर. १९२२ मध्ये वॉक्सहॉल कंपनीने आपल्या एका मोटारीत हा समतोलक बसविला. तथापि ही युक्ती खर्चाची, त्यामुळे ती मागे पडली. १९७५ च्या सुमारास जपानच्या मित्सुबिशी कंपनीने दोन शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर बसवून तिला नवा जन्म दिला, आणि पोर्शसारख्या जर्मन कंपनीनेही आपल्या ९४४ ह्या मोटारीसाठी मित्सुबिशीला मोबदला देऊन ती घेतली.

आता त्या अंगणातल्या गृहस्थाकडे पुन्हा वळू. मित्सुबिशीच्या पुष्कळ इंजिनांत मागचा तोलदंड तेलाच्या पंपामार्फत फिरतो. पंपाचे दातेरी चाक एक फेरा फिरले की त्याच्यावरची खूण पुन्हा जुळते. पण आतला तोलदंड तेवढ्यात अर्ध्या फेऱ्याने चुकलेला असू शकतो. म्हणजे बाहेरची खूण दोनदा जुळते आणि त्यांतली एकच खरी असते. ही खोड जाणणारा मेस्त्री इंजिनाच्या बाजूचा एक प्लग काढतो आणि त्या भोकातून ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू-ड्रायव्हर आत सारतो. तो ६० मिलिमीटर किंवा अधिक आत गेला तर तोलदंड योग्य जागी आहे. वीस-पंचवीस मिलिमीटरवरच अडला तर वजन आडवे आले, असे समजून तो पंपाचे चाक एक पूर्ण फेरा फिरवितो आणि पुन्हा तपासतो. पट्टा चढेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर तसाच ठेवायचा, म्हणजे तोलदंड जागचा हलत नाही. हे न करता पट्टा चढविला आणि एक तोलदंड उलटा राहिला, तर दोन बादल्या वर-खाली परस्परांना मारतात आणि बाजूला एकत्र ओढतात. इंजिनाचा मूळचा उभा हिसका तसाच उरतो आणि शिवाय एक आडवा हिसका नव्याने जन्माला येतो. ज्या साधनाने थरथर मिटवायची, तेच ती वाढवू लागते.

लँचेस्टरची बुद्धी मोटारीपुरती नव्हती. समुद्रप्रवासात पंख न हलविता तरंगणारे पक्षी पाहून त्याने पंखाला उचल कशी मिळते ह्याचा विचार केला. ह्या विषयावरील त्याचा निबंध १८९७ मध्ये नाकारला गेला. हिरमुसला न होता त्याने १९०७ व १९०८ मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि विमानशास्त्रज्ञांना त्यांची किंमत पुढे कळली. १९२२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १९३१ मध्ये त्याला गुगनहाइम पदक मिळाले. टोपणनावाने त्याने कविताही लिहिल्या.

पैसा मात्र त्याच्याजवळ टिकला नाही. १९१९ मध्ये त्याने डोरोथिया कूपर हिच्याशी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. स्वतःची प्रयोगशाळा काढून त्याने ध्वनिवर्धक यंत्रांवर काम केले, पण त्यात त्याला व्यापारी यश आले नाही. डेमलरची नोकरी संपली होती. अशा अवस्थेत त्याला पार्किन्सनचा आजार जडला. ह्या रोगात माणसाचे हात आपोआप कापू लागतात. दृष्टीही मंदावली. ज्याने आयुष्यभर यंत्रांची थरथर मोजली, त्याच्या स्वतःच्या हातांना तोल देणारे साधन कोणाजवळ नव्हते. घर टिकविण्यासाठीही इतरांच्या साहाय्याचा आधार घ्यावा लागला. १९४५ मध्ये त्याला जेम्स वॉट पदक देण्यात आले.

८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममध्ये, स्वतःच्या घरी, त्याचे निधन झाले. १९७० मध्ये कॉव्हेंट्री येथील तंत्रविद्यालयाला त्याचे नाव देण्यात आले. ते नाव १९८७ पर्यंत राहिले. त्या विद्यालयाचे पुढे विद्यापीठ झाले, आणि तेथील ग्रंथालय त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले.