मार्लिनमागे धावणारा हेमिंग्वे आपल्या मुलांना भेटायचा तो सुट्टीतच

अर्नेस्ट हेमिंग्वे हे नाव बऱ्याच मराठी घरांत पोचलं ते पु. ल. देशपांडेंमुळे. 'द ओल्ड मॅन अँड द सी' या त्याच्या छोट्याशा कादंबरीचा पु. लं.नी 'एका कोळियाने' या नावाने अनुवाद केला. समुद्रात एकटा गेलेला म्हातारा सांतियागो, त्याच्या गळाला लागलेला अजस्र मार्लिन आणि परतीच्या वाटेवर त्या माशाचे लचके तोडणारे शार्क इकडच्या वाचकांच्याही ओळखीचे झाले.

त्या गोष्टीत एक मुलगासुद्धा आहे, मनोलिन. म्हाताऱ्याला कॉफी आणून देणारा, त्याच्या दोऱ्या-गळ उचलणारा, तो परत आल्यावर त्याचे फाटलेले हात बघून रडणारा. गंमत म्हणजे मनोलिन हा म्हाताऱ्याचा मुलगा नाही, नातूही नाही. गावातलं पोर आहे.

हेमिंग्वेला स्वतःला तीन मुलगे होते. त्यांच्यासोबत त्याने घालवलेला वेळ बघितला, तर त्यातला बराचसा उन्हाळी सुट्टीचा निघतो. आणि त्या सुट्ट्यांमध्ये सगळ्यात जास्त लक्षात राहणारी जागा म्हणजे बहामा बेटांमधलं बिमिनी.

पण ही गोष्ट बिमिनीच्या आधीपासून सुरू होते.

हेमिंग्वेचा जन्म 21 जुलै 1899 चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. वडील क्लॅरेन्स डॉक्टर, आई ग्रेस गाणं शिकवणारी. दर उन्हाळ्यात हे कुटुंब मिशिगनमधल्या वलून तळ्याकाठच्या आपल्या कॉटेजवर जायचं. शहरात पेशंटच्या मागे असणारे वडील तिथे गेले की वेगळेच व्हायचे. गळाला आमिष कसं लावायचं, मासा साफ कसा करायचा, बंदूक कशी धरायची, हे सगळं त्यांनी पोराला तिथे शिकवलं. पोरगं जेमतेम तीन वर्षांचं असताना त्यांनी त्याला मासेमारीला नेलं होतं.

म्हणजे बाप म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे मासेमारी, हे गणित हेमिंग्वेच्या डोक्यात लहानपणीच बसलेलं होतं.

डिसेंबर 1928 मध्ये याच वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून आयुष्य संपवलं. हेमिंग्वे तेव्हा 29 वर्षांचा होता. त्याचा मोठा मुलगा जॅक, घरातलं नाव बंबी, त्या वेळी पाच वर्षांचा, आणि दुसरा पॅट्रिक अवघ्या पाच महिन्यांचा.

जॅक पहिल्या बायकोचा, हॅडलीचा मुलगा. पॅट्रिक आणि 1931 मध्ये जन्मलेला ग्रेगरी हे दोघे दुसरी बायको पॉलीनचे. जॅक आईकडे राहायचा आणि सुट्टीत बापाकडे यायचा. धाकटे दोघे फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्टच्या घरात असायचे खरे, पण आईबाप सारखे दौऱ्यावर. कधी स्पेन, कधी आफ्रिकेतली शिकार. ग्रेगरीचं बालपण तर बरंचसं सांभाळणाऱ्या बाईच्या हाताखालीच गेलं.

1934 मध्ये हेमिंग्वेने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कारखान्यात स्वतःची बोट बांधून घेतली. 38 फूट लांब, किंमत साधारण साडेसात हजार डॉलर. पुरेसे पैसे नव्हते, म्हणून 'एस्क्वायर' मासिकाकडून पुढे लिहायच्या लेखांचा अॅडव्हान्स घेतला. बोटीचं नाव ठेवलं 'पिलार'. हे पॉलीनचं लाडाचं नाव होतं.

या बोटीतून 1935 च्या एप्रिलमध्ये तो बिमिनीला निघाला आणि पहिल्याच फेरीत स्वतःच्या पायात गोळी मारून घेतली. झालं असं की वाटेत एक शार्क गळाला लागला. त्याला बोटीशी ओढून पिस्तुलाने मारायचं ठरलं. गोळी धातूच्या पट्टीवर आपटली, फुटली आणि तिचे तुकडे हेमिंग्वेच्या दोन्ही पायांत घुसले. बोट फिरवून परत की वेस्ट. आठवड्याभरात गडी पुन्हा निघाला, हेही त्याच्या स्वभावाला धरूनच.

बिमिनीत असं काय होतं?

मायामीपासून पूर्वेला साधारण 80 किलोमीटरवर हे बेट आहे. तेव्हा बहामा बेटं ब्रिटिशांच्या ताब्यात होती. उत्तर बिमिनी म्हणजे जमिनीची एक अरुंद पट्टी, वस्तीच्या भागात तर काही शे मीटरच रुंद. एका अंगाला बंदर आणि उथळ खाजण, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या वाळूचा किनारा आणि लाटा. सहकुटुंब मासेमारीच्या सुट्टीसाठी याहून सोयीची जागा मिळणं अवघड. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाका, नाहीतर उथळ पाण्यात बोनफिशच्या मागे लागा. बोनफिश आकाराने लहान, पण गळाला लागला की सुसाट पळतो.

हेमिंग्वेला मात्र याच्या पलीकडचं हवं होतं. किनारा सोडून थोडंच पुढे गेलं की तळ एकदम खोल जातो आणि गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरी प्रवाह सुरू होतो. त्यातून निळा मार्लिन जातो, मोठा ब्लूफिन ट्यूनाही जातो. ट्यूना म्हणजे आपल्याकडच्या कुप्याचा भाऊबंद, पण ब्लूफिनचं वजन शेकडो किलोंत.

आणि तिथे शार्कही होते. बिमिनीतली त्या काळची खरी अडचण हीच होती. मोठा मासा गळाला लागायचा, तासन्‌तास झुंजायचा, थकायचा. तो थकला आणि रक्त आलं की शार्क गोळा व्हायचे. बोटीपर्यंत यायचं ते अर्धवट खाल्लेलं धूड.

हेमिंग्वेचा चित्रकार मित्र माइक स्ट्रेटर याच्या बाबतीत त्याच वर्षी हे घडलं. त्याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला. शार्क आले तेव्हा हेमिंग्वेने टॉमी गन काढली, म्हणजे गुंडांच्या सिनेमात दिसते ती मशीनगन, आणि शार्कवर गोळ्यांचा पाऊस पाडला. त्याने पाण्यात आणखी रक्त झालं आणि आणखी शार्क आले. मासा वर काढला तेव्हा मागचा भाग जवळपास गायब होता आणि उरलेल्याचंच वजन 500 पौंडांच्या आसपास भरलं. मित्राच्या माशाचं नुकसान गोळीबाराने वाढवलं हे हेमिंग्वेने कधी धड कबूल केलं नाही. दोघांच्या मैत्रीत मात्र खडा पडला.

यावर हेमिंग्वेने काढलेला उपाय साधा होता, पण अंगमोडीचा. माशाला खेळवत बसायचं नाही, स्वतः विश्रांती घ्यायची नाही आणि त्यालाही घेऊ द्यायची नाही. काठी वर ओढायची, खाली नेताना रीळ गुंडाळायचं, पुन्हा ओढायचं. शार्क जमायच्या आत मासा बोटीशी आला पाहिजे. याच पद्धतीने त्याने 1935 मध्ये ब्लूफिन ट्यूना सबंध बाहेर काढला. शार्कने न तोडलेला असा ट्यूना बिमिनीत तोवर कोणाला काढता आला नव्हता, असं मासेमारीच्या इतिहासात मानलं जातं.

20 जुलै 1935

त्या उन्हाळ्यात पॉलीन आणि तिन्ही मुलं बिमिनीला आली. त्या दिवसांतला एक फोटो आज बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीत आहे. तारीख 20 जुलै 1935. दुसऱ्या दिवशी हेमिंग्वेला 36 वर्षं पूर्ण होणार होती. धक्क्यावर चार मार्लिन टांगलेले आहेत आणि त्यांच्यासोबत सगळं कुटुंब उभं आहे. जॅक अकरा वर्षांचा, पॅट्रिक नुकताच सात वर्षांचा झालेला, ग्रेगरी चार वर्षांचाही नाही. मासे पोरांपेक्षा कितीतरी मोठे.

फोटोवरून वाटतं की आरामाची सुट्टी चाललीय. पण हेमिंग्वेला आराम जमायचा नाही. सकाळी लिहायचं, मग समुद्रात जायचं, संध्याकाळी धक्क्यावर बॉक्सिंग. बेटावरच्या तगड्या तरुणांना तो आव्हान द्यायचा, आपल्यासमोर तीन फेऱ्या टिकणाऱ्याला पैसे देऊ म्हणायचा. एका रात्री तर जोसेफ नॅप या श्रीमंत प्रकाशकाशी धक्क्यावरच मारामारी झाली आणि हेमिंग्वेने त्याला आडवं पाडलं. बेटावरच्या गाणाऱ्यांनी त्यावर लगेच गाणं रचलं. मासेमारीसुद्धा त्याच्यासाठी स्पर्धाच होती: मासा किती मोठा, किती वेळात काढला, कोणाआधी काढला.

1936 च्या उन्हाळ्यात कुटुंब पुन्हा बिमिनीला आलं. 1937 मध्येही आलं, पण तोवर सगळं बदललेलं होतं. आदल्या डिसेंबरमध्ये की वेस्टच्या एका बारमध्ये हेमिंग्वेची पत्रकार मार्था गेलहॉर्नशी ओळख झाली होती आणि 1937 च्या वसंतात तो स्पेनचं यादवी युद्ध कव्हर करून आला होता. त्या उन्हाळ्यात मुलं बेटावर असताना बाप मधूनच न्यूयॉर्कला भाषणाला गेला आणि जुलैमध्ये स्पेनवरची डॉक्युमेंटरी दाखवायला व्हाइट हाउसला. नंतर तो परत स्पेनला गेला.

1940 मध्ये पॉलीनशी घटस्फोट झाला. हेमिंग्वे मार्थासोबत क्युबात राहायला गेला. म्हणजे जे आधी एकट्या जॅकच्या वाट्याला होतं, ते आता तिघांच्याही वाट्याला आलं. शाळा सुरू असताना आई, सुट्टी लागली की बाप.

हा सुट्टीतला बाप मुलांना आवडायचा नाही असं मात्र मुळीच नव्हतं. ग्रेगरीने नंतर लिहिलेल्या आठवणींत क्युबाच्या किनाऱ्याजवळचा एक प्रसंग आहे. तो भाल्याने मासे मारत होता आणि बापाने बजावलं असतानाही मारलेले मासे कमरेलाच अडकवून पोहत होता. रक्ताच्या वासाने शार्क आले. पोराने आरडाओरडा केल्यावर हेमिंग्वे त्याच्याकडे पोहत गेला आणि त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन सुखरूप आणलं.

अशा बापाच्या मुलाला पुढे त्याच बापाचं तोंड बघणं अवघड व्हावं, हे पचायला जड जातं.

1951 च्या सप्टेंबरअखेर, 19 वर्षांच्या ग्रेगरीला लॉस एंजेलिसमध्ये बायकांच्या कपड्यांत बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्याबद्दल अटक झाली. त्यावरून हेमिंग्वे आणि पॉलीन यांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर काही तासांतच, 1 ऑक्टोबरला, पॉलीन वारली. हेमिंग्वेने तिच्या मृत्यूचा दोष ग्रेगरीवर टाकला. पोराने तो अनेक वर्षं वागवला. वैद्यकीय शिक्षण घेताना त्याने आईचा शवविच्छेदन अहवाल मागवला. त्यात अॅड्रिनल ग्रंथीचा ट्यूमर निघाला. अशा ट्यूमरमध्ये मानसिक ताणाने रक्तदाब अचानक भडकू शकतो. मग त्याने बापाला पत्र लिहिलं, की आईला धक्का बसला तो तुमच्या फोनमुळे. हे नातं पुन्हा सांधलं गेलं नाही. ग्रेगरी पुढे डॉक्टर झाला, ग्लोरिया या नावाने स्त्री म्हणूनही जगला आणि 2001 मध्ये मायामीच्या महिला तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

कादंबरीतली सुट्टी

दुसऱ्या महायुद्धानंतर हेमिंग्वेने क्युबात बसून समुद्रावर एक मोठी कादंबरी लिहायला घेतली होती. तिचा पहिला भाग घडतो बिमिनीत. थॉमस हडसन नावाचा घटस्फोटित चित्रकार बेटावर एकटा राहतो आणि त्याचे तीन मुलगे उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे येतात. मोठा एका बायकोचा, धाकटे दोघे दुसरीचे. कोणाबद्दल आहे हे सांगायची गरजच नाही.

भाल्याने मासे मारणाऱ्या पोरावर चालून येणारा शार्क यात आहे, टॉमी गनही आहे. पण सगळ्यात लांब रंगलेला प्रसंग मधल्या मुलाचा आहे. डेव्हिडच्या गळाला मोठा तलवारमासा लागतो. पोरगं तासन्‌तास खुर्चीत बसून झुंजतं, हातापायांतून रक्त येतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी मासा सुटतो. हे सगळं चालू असताना बाप मध्ये पडत नाही, काठी स्वतःच्या हातात घेत नाही. जवळ राहून बघतो. धक्क्यावर माशांची वजनं मोजत बसणाऱ्या हेमिंग्वेने कागदावर असा बाप लिहिला, ही या पुस्तकातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणायला हवी.

सुट्टी संपते, मुलं जातात. मग तार येते: धाकटे दोघे आईसोबत मोटार अपघातात गेले. प्रत्यक्षात 1947 मध्ये पॅट्रिक आणि ग्रेगरीच्या मोटारीला अपघात झाला होता. पॅट्रिकच्या डोक्याला लागलं होतं आणि काही दिवसांनी तो भ्रमात गेला. तेव्हा हेमिंग्वेने क्युबातल्या घरी कित्येक आठवडे त्याच्या उशाशी काढले. मुलांसोबतचा त्याचा सलग आणि सुट्टीबाहेरचा वेळ शोधायचा, तर हाच सापडतो.

ही कादंबरी त्याने जिवंतपणी छापली नाही. त्याच समुद्राच्या पसाऱ्यातली म्हाताऱ्याची गोष्ट तेवढी वेगळी काढली. 1 सप्टेंबर 1952 ला ती 'लाइफ' मासिकात आली आणि दोन दिवसांत अंकाच्या 50 लाखांहून जास्त प्रती खपल्या. 1953 मध्ये पुलित्झर, 1954 मध्ये नोबेल. 2 जुलै 1961 ला आयडाहोतल्या केचम इथे हेमिंग्वेने वडिलांसारखंच स्वतःवर गोळी झाडून आयुष्य संपवलं. बिमिनीची कादंबरी 'आयलंड्स इन द स्ट्रीम' या नावाने 1970 मध्ये आली.

पॅट्रिक मोठा होऊन आफ्रिकेत गेला, तिथे शिकारीच्या सफरी चालवल्या आणि टांझानियात वन्यजीव व्यवस्थापन शिकवलं.

थोरला जॅक मासेमारीतच राहिला, पण वेगळ्या. त्याला खोल समुद्रातल्या धुडांपेक्षा नदीतल्या ट्राउटचं वेड होतं. 1944 मध्ये अमेरिकन गुप्तहेर खात्याकडून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पॅराशूटने उतरताना त्याने सामानासोबत मासेमारीची काठीही नेली होती. पुढे तो आयडाहोत, बापाचा शेवट झाला त्याच परिसरात, स्थायिक झाला आणि 1970 च्या दशकात राज्याच्या मत्स्य आणि शिकार आयोगावर गेला. तिथे त्याने एका गोष्टीचा पाठपुरावा केला: निवडक नद्यांमध्ये मासा पकडा, बघा आणि जिवंत परत पाण्यात सोडा.