कोटितीर्थाकाठचे तपस्वी चित्रकार : आबालाल रहिमान

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत अजिंठ्याची लेणी पाहिली असतील. तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे मोठे काम १८७२ ते १८८५ या काळात झाले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली ते केले. याच ग्रिफिथ्स यांच्या कारकिर्दीत, १८८० च्या सुमारास, कोल्हापूरचा एक मुस्लिम तरुण त्या स्कूलमध्ये दाखल झाला. त्याचे नाव अब्दुल अझीझ. पण सारा महाराष्ट्र त्यांना आबालाल रहिमान म्हणून ओळखतो.

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. त्यांच्या घरी कुराणशरीफच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. अक्षर घोटून काढायचे, समास सोडायचे आणि पानाभोवती वेलबुट्टीची नाजूक किनार रेखायची, असे ते काम. त्यात घाई चालत नाही आणि चूक खपत नाही. कोणत्याही चित्रशाळेत जाण्यापूर्वी हाताला वळण आणि डोळ्याला शिस्त त्यांना घरातच मिळाली.

मुंबईला त्यांना वास्तववादी चित्रकलेचे रीतसर शिक्षण मिळाले. प्रथम प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, नंतर समोर बसलेल्या माणसावरून अभ्यास, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन, अशी तेथील पायरीपायरीची पद्धत होती. दिसते तेवढेच आणि दिसते तसेच काढायचे, हा तिचा पाया. आबालाल यांनी ही पद्धत इतकी आत्मसात केली की १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले.

असे पदक मिळालेल्या चित्रकाराला मुंबईत धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवून सुखाने राहता आले असते. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात साधेपणाने राहू लागले. कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा घाट हे त्यांचे विषय. तीच जागा ते पुनःपुन्हा रंगवीत. कारण सकाळचे कोवळे ऊन आणि संध्याकाळची सावली यांनी तेच पाणी वेगळे दिसते. रंगांचे छोटे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवून ते हवेतील ओलावा आणि उजेडाचा थरथराट पकडीत. त्याच सुमारास दूर फ्रान्समध्ये क्लोद मोने यांच्यासारखे चित्रकार उघड्यावर बसून उजेडाचा असाच शोध घेत होते. बाजारातील रंग परवडत नसत, तेव्हा दगड आणि पाने यांपासून आबालाल रंग तयार करीत, असेही सांगतात.

राजर्षी शाहू महाराजांनी हा गुण ओळखला आणि त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू करून आपल्या मुलांच्या शिक्षणाची वाट मोकळी करणारे हेच महाराज. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. त्या दुःखाच्या भरात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे स्वतःच्या हाताने नष्ट केली, असे कोल्हापुरातील जुनी माणसे सांगत आली. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल यांचे निधन झाले. त्यांची उरलेली काही चित्रे आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येतात. बाबूराव पेंटर यांच्यासारख्या पुढच्या कलावंतांनी त्यांना आदर्श मानले. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्यात आबालाल यांचा वाटा मोठा आहे.

पालक बंधू-भगिनींनो, वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढणाऱ्या मुलाला आपण बहुधा रागावतो. चित्रे काढून पोट भरते का, ही आपली चिंताही खोटी नाही. आबालाल यांना श्रीमंती लाभली नाही, हे खरेच आहे. पण वडिलांच्या हातचे कसब, शाळेचे रीतसर शिक्षण आणि गुणाची कदर करणारा आश्रयदाता, हे तिन्ही त्यांना लाभले, म्हणून एक सामान्य घरातला मुलगा महाराष्ट्राचा थोर चित्रकार झाला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तरी आपल्या हातात आहेत. मुलाच्या वहीतले ते चित्र फाडण्यापूर्वी एकदा नीट पाहावे आणि त्याच्या शिक्षकांनाही दाखवावे. आबालाल यांची हरवलेली चित्रे आता परत येणार नाहीत. निदान आपल्या घरातली तरी हरवू नयेत.