रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत विहीर खणूं लागलें म्हणजे जो काळा दगड पहारीला दाद देत नाहीं, तो विद्यार्थिमित्रांच्या चांगल्या परिचयाचा आहे. लोणारचें विख्यात सरोवर ज्या दगडांत आहे तोही हाच. अतिप्राचीन काळीं भूगर्भांतून वर आलेला तप्त रस थरावर थर पसरून गोठला व त्याचा हा पाषाण झाला. परंतु हे थर लगोलग पसरले, कीं मध्यें कांहीं काळ लोटला होता? या प्रश्नाचा उलगडा होण्यास ज्यांनीं नागपूरच्या परिसरांत मोठा हातभार लावला, ते कोणी सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते. ते एका मिशन शाळेचे शिक्षक होते. त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें अल्प चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गांवीं ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडून फ्री चर्च निराळें झालें, तेव्हां तरुण हिस्लॉप या नव्या मंडळीस मिळाले. पुढल्याच वर्षीं ते सपत्नीक हिंदुस्थानास निघाले आणि १८४५ च्या आरंभीं नागपुरास पोहोंचले. त्या वेळीं तेथें तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हतें. हिस्लॉप यांनीं मराठी भाषेचा अभ्यास केला, आणि मे १८४६ मध्यें नागपुरांत शाळा उघडली.

त्यांचा आठवडा विसाव्याचा नव्हता. रविवार उपासनेचा व उपदेशाचा. सीताबर्डी येथील काम आटोपतें न आटोपतें तों कामठीच्या छावणींतील मंडळीकडे लक्ष द्यावें लागे. इतर दिवशीं वर्ग शिकवावे, शिक्षकांच्या कामावर देखरेख ठेवावी, जिज्ञासु तरुणांशीं धर्मचर्चा करावी, आणि स्वदेशीं आपल्या मंडळीस कामाचा हिशेब लिहून धाडावा. थंडीचे दिवस आले म्हणजे खेडोपाडीं दौरे सुरू होत. १८४७ सालीं रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले खरे. पण प्रकृति बिघडल्यामुळें १८५५ मध्यें त्यांना परत जावें लागलें, व तो सर्व भार पुन्हां हिस्लॉप यांच्या शिरावर आला.

परधर्माची शिकवण जेथें मिळते त्या शाळेंत मुलगा घालावा कीं नाहीं, हा प्रश्न त्या काळच्या पालकांपुढें खरोखरच बिकट होता. मुलगा विद्वान होईल, पण तो आपला राहील ना, ही बापाची चिंता खोटी म्हणतां येणार नाहीं. हिस्लॉप यांनींही आपला हेतु लपवून ठेवला नाहीं. त्यांच्या हयातींत बाप्तिस्मा घेणारांची संख्या अल्पच राहिली. ज्या हेतूनें ते आले होते, त्या मापानें मोजलें असतां हें यश फार थोडें होतें. तरीही शाळेची घंटा चुकली नाहीं. आमच्या मतें त्यांच्या थोरपणाची खूण येथेंच आहे.

एवढ्या धांवपळींतही त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. १८५१ मध्यें नागपूरजवळ टाकळीच्या बाजूस हंटर यांच्यासह फिरत असतां, काळ्या दगडाच्या दोन थरांमधल्या गाळांत त्यांना गोड्या पाण्यांतील शंखांचे अश्मीभूत अवशेष आढळले. पुढें वनस्पतींचीं फळें व बियाही मिळालीं. यावरून स्पष्ट झालें कीं, एक थर निवून गेल्यावर तेथें तळीं भरलीं, झाडें वाढलीं, जीव नांदले, आणि मग पुन्हां तप्त रसाचा लोट आला. हा काळ सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, असें आज शास्त्रज्ञ मानतात. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथें मिळालेली एका जलस्थलवासी प्राण्याची कवटी विलायतेस गेली, व तिचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८५५ सालीं प्रसिद्ध केलें. हिस्लॉपाइट नामक खनिजास आणि हिस्लोपिया नामक एका सूक्ष्म जलचरास या शिक्षकाचेंच नांव मिळालें आहे.

दगडांइतकेंच त्यांनीं माणसांकडेही लक्ष दिलें. गोंड लोकांच्या भाषेंत चालत आलेली लिंगोची दीर्घ कथा त्यांनीं एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. ज्यांची भाषा लिहिण्याजोगी आहे असें त्या काळीं थोड्यांनाच वाटे, त्यांचें काव्य त्यामुळें कागदावर राहिलें. १८५४ सालीं नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केल्यानंतर तेथील कारभारांत जे दोष शिरले, त्यांविषयीं त्यांनीं वर्तमानपत्रांतून निर्भीडपणें लिहिलें. १८६१ सालीं मध्यप्रांत स्थापन झाला. रिचर्ड टेंपल हे तेथील मुख्य अधिकारी झाले व त्यांचा हिस्लॉप यांच्याशीं स्नेह जडला.

ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास हिस्लॉप हे टेंपल यांच्यासह गेले होते. काम संपल्यावर मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे परतली. हिस्लॉप मात्र मागें राहिले. कारण गांवांतील शाळेची परीक्षा घ्यावयाची होती. ती आटोपून ते एकटेच घोड्यावर निघाले. पावसाळ्याचे दिवस, वाटेंतील नाला फुगला होता. थोड्या वेळानें घोडा मुक्कामीं आला. पाठीवर स्वार नव्हता. नाल्यांत त्यांचा अंत झाला होता. त्यांच्या वयास शेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उणे होते.

त्यांनीं जमविलेले गोंडादि लोकांविषयींचे कागद टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले. शाळेंतून १८८३ मध्यें महाविद्यालय उदयास आलें, तेंच नागपूरचें हिस्लॉप कॉलेज. तेथें शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत सर्व धर्मांचे व सर्व जातींचे लोक आहेत.

विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशीं हिस्लॉप सर्वांबरोबर परतले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. खेड्यांतील लहानशी शाळा, परीक्षा पुढल्या आठवड्यावर टाकतां आली असती. परंतु तीं मुलें वाट पाहत बसलीं असतील, एवढा विचार त्यांना पुरेसा होता. आपल्या वाट्यास आलेलें काम लहान वाटून पुढें ढकलण्याचा मोह होईल, तेव्हां टाकळघाटच्या त्या मुलांची आठवण ठेवावी. मोठे लोक ज्या कामाची वाट सोडून पुढें गेले, त्या कामासाठीं थांबलेला एक शिक्षक त्यांनीं पाहिला होता.