समजून घ्या : अंधारातली उष्णता शोधणारे विल्यम हर्शेल कोण होते?

दाजीपूरच्या जंगलात रात्री उभा असलेला गवा साध्या डोळ्यांना दिसत नाही. थर्मल कॅमेऱ्यात मात्र त्याचे गरम अंग उजळ दिसते. हा कॅमेरा ज्या अवरक्त किरणांवर चालतो, ते विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधले. विशेष म्हणजे ते मूळचे संगीतकार होते.

दुर्बिणीकडे कसे वळले?

हर्शेल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये झाला. लष्करी बँडमध्ये ओबो वाजवणारा हा तरुण १७५७ मध्ये इंग्लंडला गेला आणि पुढे बाथ शहरात चर्चचा ऑर्गनवादक झाला. आकाशाचे वेड लागल्यावर त्यांनी दुर्बिणीचे धातूचे आरसे घरीच घासायला सुरुवात केली. आरशावरचा हात थांबवता येत नसे, तेव्हा बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवत असे.

युरेनस त्यांनाच कसा सापडला?

१३ मार्च १७८१ रोजी त्यांना एक तारा ठिपक्याऐवजी चकतीसारखा दिसला. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला, पण तो युरेनस ग्रह निघाला. फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्येच तो पाहिला होता. मात्र तारा म्हणून नोंदवला होता. पाहणे हीसुद्धा सरावाने येणारी कला आहे, असे हर्शेल मानत. पुढे त्यांनी आकाशाचा पट्ट्यापट्ट्याने शोध घेतला. अंधाराला सरावलेली नजर मोडू नये म्हणून नोंदी कॅरोलिन लिहून घेत.

अदृश्य किरण कसे सापडले?

सूर्य पाहताना वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून उष्णता कमी-जास्त जाणवते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी लोलकातून पडलेल्या रंगांमध्ये तापमापक ठेवले. तांबड्या रंगापलीकडे, जिथे प्रकाश दिसत नव्हता, तिथेच पारा सर्वाधिक चढला.

आज त्याचा काय उपयोग?

थर्मल कॅमेरा उष्णतेचे चित्र देतो, पण त्यातला माणूस किंवा प्राणी ओळखायचा असतो तो पाहणाऱ्यानेच. दिवसभर तापलेला जांभा दगडही संध्याकाळी उजळ दिसतो, त्यामुळे नजर फसते. ती कुठे आणि किती फसते, हे मोजण्यासाठी संशोधक संगणकावर कृत्रिम थर्मल चित्रे तयार करतात. लक्ष्य कुठे आहे आणि ते भोवतालापेक्षा किती गरम आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असते. त्यामुळे ते शोधायला पाहणाऱ्याला किती वेळ लागला आणि काय नजरेतून सुटले, हे नेमके कळते. पुरात किंवा जंगलात हरवलेल्या माणसाचा शोध घेताना अशी एक चूक जीवावर बेतू शकते.

हर्शेल यांचे २५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी निधन झाले. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण ८४ वर्षे लागतात.